क्रॉनिक पँक्रियाटायटिस : खाल्लेलं अंगी का लागत नाही? (नाशिककरांसाठी आहार-औषध धागा)

गोदाकाठ (धागाकर्ती)

स्वादुपिंडाला जुनाट सूज असलेल्यांच्या घरून एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "दुखणं आता बरंच कमी आहे, तेल-तूप तर पार बंद केलंय, मग वजन का उतरतंय?" उत्तर बऱ्याचदा प्रश्नातच असतं. तेल-तूप पार बंद केलंय, म्हणून. आणि एन्झाइमची (पाचकरसातले घटक बाहेरून पुरवणारी) कॅप्सूल नको त्या वेळी पोटात जातेय, म्हणून.

या धाग्यावर "आमच्या शेजारच्या काकांचं काय झालं" नको. माहिती लिहा, आकडे लिहा. डोस बदलायचा तो आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

आधी यंत्रणा. स्वादुपिंड दिवसाला साधारण दीड लिटर रस आतड्यात सोडतं. त्यात स्निग्ध पदार्थ फोडणारं लायपेज, पिष्ट फोडणारं अमायलेज, प्रथिनं फोडणारं ट्रिप्सिन आणि त्याची भावंडं असतात. शिवाय बायकार्बोनेट असतं, ते जठरातून आलेलं आम्ल मारतं. जुनाट सुजेत ग्रंथी हळूहळू तंतुमय होते, नळीत खडे धरतात आणि रस आटतो.

पहिला फटका स्निग्धाला बसतो. पिष्टाला लाळेतलं अमायलेज आणि आतड्याच्या अस्तरातली एन्झाइम्स बऱ्यापैकी सांभाळून घेतात. प्रथिनांना जठरातलं पेप्सिन हात देतं. लायपेजला असा भक्कम जोडीदार नाही, जठरातलं लायपेज एकटं पुरत नाही. त्यात लायपेज नाजूक. आम्लता वाढून पीएच ४ च्या खाली गेला की ते कायमचं निकामी होतं, आणि या आजारात आम्ल मारणारं बायकार्बोनेटही कमी पडलेलं असतं. त्याच आम्लात पित्तातले क्षार साक्यासारखे खाली बसतात. म्हणजे तेलाचा मारा एकीकडून आणि तेल फोडणारे दोघेही गारद.

ग्रंथीची राखीव ताकद मात्र दांडगी. लायपेज नेहमीच्या १० टक्क्यांच्या खाली येईपर्यंत शौचात तेल उघड दिसत नाही. "शौचाला ठीक होतंय" म्हणजे ग्रंथी ठीक आहे असं नव्हे.

लॅब_टेबल

तपासण्यांचा घोळ आधी सोडवतो. रक्तातलं अमायलेज आणि लायपेज हे अचानक आलेल्या सुजेसाठी. जुनाट आजारात ते नॉर्मल किंवा कमीही येतात, कारण वाढायला ग्रंथीत ऐवजच उरलेला नसतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पेढे वाटणारे पुष्कळ.

पचनाची पत मोजायची तर शौचातलं इलास्टेज-१, म्हणजे स्वादुपिंडातूनच येणारं एक एन्झाइम. एका ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरतेची शंका, १०० च्या खाली म्हणजे बहुधा पक्की. नमुना बांधून आलेल्या शौचाचा हवा. पातळ जुलाबात इलास्टेज विरळ होतं आणि आकडा खोटा खाली येतो, त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध (रेचक) घेऊन नमुना देऊ नका. एन्झाइमची कॅप्सूल चालू असली तरी चालते. कॅप्सूलमधलं इलास्टेज डुकराचं असतं, तपासणी माणसाचं तेवढंच ओळखते.

७२ तासांची शौचातल्या चरबीची तपासणी अचूक, पण तीन दिवस रोज १०० ग्रॅम स्निग्ध खायचं आणि सगळं शौच डब्यात जमा करायचं. दिवसाला ७ ग्रॅमच्या वर चरबी निघाली तर बिघाड. घरोघरी कोणी करत नाही, आणि त्यांना दोषही देता येत नाही.

पंचवटीकर

शौचात तेल जातंय हे घरी कसं ओळखायचं? तरंगलं की तेल, असं ऐकलंय.

लॅब_टेबल

तरंगणं ही कच्ची खूण आहे. शौच तरंगतं ते बऱ्याचदा आतल्या गॅसमुळे. मिसळीच्या वाटीवर तर्रीचा तवंग दिसतो ना, तसा पाण्यावर चकाकणारा तवंग दिसतो का ते बघा. शौच मातकट, फिकट, सैल आणि भरपूर, भांड्याला चिकटून बसणारं, दोन-तीन बादल्यांनीही न जाणारं, आणि वास असा की नंतर आत जाणारा माणूस परत फिरतो. भारतीय पद्धतीच्या भांड्यात हे दिसतं तरी, कमोडमध्ये पाण्यात बुडून जातं.

दुसरी फसगत अशी की ज्याने तेल तोडलंय त्याच्या शौचात तेल येणार कुठून? आणि दुखण्यासाठी ट्रामाडॉलसारखी औषधं चालू असतील तर उलट बद्धकोष्ठ होतं. कमतरता असते, खूण झाकली जाते.

जुना_कंपाउंडर

माझं मत वेगळं. इतकी वर्षं डॉक्टर मंडळी "तेल बंद, तूप बंद, उकडलेलं खा" सांगत आली ती उगाच का? तेल खाल्लं की पोटात कळ येते हे रुग्णच सांगतो.

गोदाकाठ

काका, अचानक तीव्र सूज येते तेव्हा काही दिवस हलकं खाणं बरोबर आहे. तो सल्ला जुनाट आजारात आयुष्यभरासाठी चिकटला, घोटाळा तिथे झाला.

हिशेब बघा. ५० किलोच्या माणसाला दिवसाला १५०० ते १७५० कॅलरी लागतात, उतरलेलं वजन भरायचं तर त्याहून जास्त. १८०० धरा. त्यातल्या ३० टक्के स्निग्धातून म्हणजे ५४० कॅलरी, म्हणजे ६० ग्रॅम. हे ६० वरून १५ वर आणलं तर ४०० कॅलरी गेल्या. त्या भरायला चार-पाच चपात्या जास्त खाव्या लागतील. ज्याला चार घास खाल्ल्यावर पोट दुखण्याची धास्ती आहे तो त्या कुठून खाणार? वर ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं स्निग्धाच्या पाठीवर बसूनच शरीरात जातात. तेल गेलं की तीही गेली.

म्हणून आताची पद्धत अशी: स्निग्ध नेहमीइतकं ठेवा, ते पचवायला एन्झाइम द्या. एन्झाइमचा पुरेसा डोस, वेळ, जठरातलं आम्ल कमी करणारी गोळी, सगळं करून पाहिल्यावरही तवंग थांबत नसेल तरच तेल कमी करायचा विचार. कळ येते त्याचं म्हणाल तर ताट लहान करा, पाच-सहा वेळा खा. एका बैठकीत ४० ग्रॅम तेल आणि दिवसभरात वाटून ६० ग्रॅम यात फार फरक आहे.

औषधपेटी

आता कॅप्सूल. गडबड सगळ्यात जास्त इथेच होते.

पॅकेटवर पँक्रिॲटिन (कॅप्सूलमधलं एन्झाइमांचं मिश्रण) इतके मिलीग्रॅम असं मोठ्या अक्षरात असतं. ते बाजूला ठेवा, लायपेजचे युनिट शोधा. मोठ्या माणसाला मुख्य जेवणाला ४०,००० ते ५०,००० युनिट आणि मधल्या खाण्याला २०,००० ते २५,००० ही सुरुवात. २५,००० ची कॅप्सूल असेल तर जेवणाला दोन, खाण्याला एक. १०,००० ची एकच कॅप्सूल जेवणाला घेऊन "फरक नाही" म्हणणं म्हणजे टँकरच्या जागी तांब्या पाठवणं. त्यानेही पुरलं नाही तर डॉक्टर दुप्पट-तिप्पट करतात.

वेळ. कॅप्सूल अन्नासोबत आतड्यात उतरली पाहिजे. उपाशीपोटी घेतली तर ती पुढे निघून जाते, जेवण मागे राहतं. जेवून हात धुतल्यावर घेतली तर जेवण पुढे, ती मागे. दोन कॅप्सूल असतील तर पहिली पहिल्या घासाबरोबर, दुसरी जेवण अर्ध्यावर आल्यावर. ताटाशेजारी दोन्ही काढूनच बसायचं. वरण-भाताचा पहिला घास, घोटभर पाणी, कॅप्सूल. मग पोळी-भाजी, आणि दुसरी पोळी मोडायच्या आधी दुसरी. "सकाळी एक, रात्री एक" असं ब्लडप्रेशरच्या गोळीसारखं लिहून घेतलेलं असेल तर परत जाऊन विचारा.

आतले दाणे चावायचे नाहीत, कुटायचे नाहीत. त्यांच्यावरचं आवरण जठरातल्या आम्लात टिकतं आणि आतड्यात पीएच साडेपाचच्या वर गेल्यावर सुटतं. दाणे फोडले की लायपेज आम्लात मेलं, आणि तोंडात राहिले तर जिभेला-हिरडीला फोड येतात, कारण ती एन्झाइम्स तोंडातलं मांस आणि जेवणातलं मांस यांत भेद करत नाहीत. कॅप्सूल गिळता येत नसेल तर उघडून दाणे चमचाभर गार, आंबटसर गरात घाला, शिजवून गाळलेलं सफरचंद उत्तम. लगेच गिळा, वर पाणी प्या. गरम वरणात, दुधात, चहात अजिबात नको.

तक्रार राहिलीच तर जठरातलं आम्ल कमी करणारी पँटोप्रॅझोलसारखी गोळी डॉक्टर जोडतात. ती मात्र जेवणाआधी अर्धा तास. या दोन औषधांच्या वेळा एकमेकांत मिसळल्या की दोन्ही वाया.

पंचवटीकर

दुकानात पाचक सिरप स्वस्तात मिळतं. त्याने भागणार नाही का?

औषधपेटी

नाही. मागची बाजू वाचा. बहुतेकांत फंगल डायस्टेज आणि पेप्सिन किंवा पपेन असतं. डायस्टेज पिष्टासाठी, पेप्सिन-पपेन प्रथिनांसाठी. रुग्णाला कमी आहे ते लायपेज, आणि तेच त्यात नसतं. लग्नातल्या जड जेवणानंतर घ्यायला ठीक.

एक गोष्ट न विचारताच सांगायला हवी. पँक्रिॲटिन डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतं. त्याच्या तोडीचा शाकाहारी पर्याय बाजारात नाही. शाकाहारी किंवा मुस्लिम घरात हे नंतर कळलं की कॅप्सूल गुपचूप बंद होते आणि डॉक्टरला वाटतं औषध लागू पडत नाही. आधी सांगावं, ज्याने त्याने ठरवावं.

आणि साठवण. २५ अंशांच्या खाली ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर, गॅसच्या वरच्या फडताळात, खिडकीत नको. माठाजवळची गार कोरडी जागा चांगली, ओल मात्र लागता कामा नये.

द्राक्षबाग

आपल्या गावच्या जेवणाचा हिशेब कोणी मांडेल का? मिसळ बंद म्हटलं तर नाशिकमध्ये राहायचं कशाला!

गोदाकाठ

घ्या मांडून. एका प्लेटीत तर्रीसकट रस्सा, त्यात दोन मोठे चमचे तेल सहज, म्हणजे २७ ग्रॅम. मूठभर फरसाण, ३० ग्रॅम, त्यातलं तेल ११ ग्रॅमच्या आसपास. पाव दोन, अडीच-तीन ग्रॅम. झाले ४० ग्रॅम, दिवसाच्या वाट्याचे दोन तृतीयांश एका बैठकीत. तीच मिसळ तर्री वगळून, फरसाण निम्मं, मटकी दुप्पट अशी घेतली की १५ ग्रॅमच्या आत येते आणि मोडाच्या मटकीतून प्रथिनं मिळतात. कॅप्सूल तेव्हाही लागणारच. तिखटाने ग्रंथी बिघडत नाही, जठराला झोंबतं इतकंच.

प्रथिनं वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम. ५० किलोला ६० ते ७५. एक अंडं ६, वाटीभर शिजलेली डाळ ६-७, पेलाभर दूध ६-७, १०० ग्रॅम पनीर १८, कोरडे सोयाचे तुकडे ५० ग्रॅम म्हणजे २५. नुसत्या वरणाच्या पाण्यावर ६० ग्रॅम गाठता येत नाहीत, दिवसभर पीत बसलं तरी.

चोथ्याचा अतिरेक नको. कोंडा, इसबगोल, मोठ्या वाट्या भरून सॅलड यांमुळे एन्झाइम चोथ्यात अडकतं, आणि भूक मोडते ती वेगळी. दोन्ही वेळा बाजरीची भाकरी आणि वर मेथीची पेंडी, असं वजन उतरलेल्या माणसाला देऊ नका. भात, पोळी, मऊ नाचणीची लापशी यांनी कॅलरी जास्त पोटात जातात.

एमसीटी तेलाचं, म्हणजे मध्यम साखळीच्या चरबीच्या तेलाचं, बरंच बोललं जातं. ते लायपेजशिवायही बऱ्यापैकी शोषलं जातं हे खरं. पण चव नावडती, महाग, तळायला चालत नाही, आणि एकदम जास्त घेतलं तर मुरडा आणि जुलाब. चहाच्या चमच्याने सुरुवात करावी. खोबरेल तेल म्हणजे एमसीटी, हा समज सोडा. त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं, ज्याचा बराचसा भाग लांब साखळीच्या चरबीसारखाच वागतो.

लॅब_टेबल

जीवनसत्त्वांचं मी घेतो. डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, ही आपल्याकडे घरोघरी. लोक सकाळी उपाशीपोटी पाण्यातून घेतात. या आजारात ती मुख्य जेवणाबरोबर, कॅप्सूलच्या सोबतच घ्यायची, नाहीतर पुडी शौचावाटे जाते. ए कमी पडलं की संधिप्रकाशात दिसत नाही. के कमी पडलं की हिरडीतून रक्त येतं, जरा धक्का लागला की काळंनिळं होतं, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची तपासणी) वाढलेला येतो. ई कमी पडलं की पायांना मुंग्या आणि तोल जाणं.

बी-१२ स्निग्धात विरघळणारं नाही, तरी कमी पडतं, कारण ते ज्या प्रथिनाला बांधलेलं असतं त्यातून सोडवायला ट्रिप्सिन लागतं. आता बघा, माणूस शाकाहारी, आम्लाची गोळी चालू, साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू, वर ही ग्रंथी. चारी दारं बंद. अशाला बी-१२ वर्षाला एकदा तरी तपासाच.

हाडं ठिसूळ होतात, म्हणून डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) दोनेक वर्षांनी. आणि मूतखडा! न पचलेली चरबी कॅल्शियमला धरून बसते, मग ऑक्झलेट मोकळं राहून रक्तात जातं आणि लघवीत खडे करतं. पालक-चुका रोज खाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. उपाय म्हणजे आधी तवंग थांबवणं आणि पाणी भरपूर.

बीएमआयवर (उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्यावर) विसंबू नका. पोटाचा घेर तसाच आणि दंड-मांड्या वाळलेल्या, असं दिसतं. दर महिन्याला त्याच जागी दंडाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजून लिहिला तर वजनकाट्याआधी कळतं.

द्राक्षबाग

साखरेचं कोणी बोललं नाही. आणि वाईनबद्दलही. आपल्याकडे "वाईन म्हणजे फळाचा रस" म्हणणारे भरपूर.

औषधपेटी

आधी वाईन. १२ टक्क्यांची ७५० मिलीची बाटली म्हणजे ७१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १५० मिलीचा पेला १४ ग्रॅम. व्हिस्कीचा ६० मिलीचा पेग २० ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली ४१ ग्रॅम, म्हणजे दोन पेग, आणि लोक तिला "नुसती बिअर" म्हणतात. स्वादुपिंडाला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही. निदान झाल्यावर दारू शून्य. बिडी-सिगरेट हे वेगळं, स्वतंत्र कारण आहे. दारू सोडली पण धूर चालू, तर आजार पुढे सरकतच राहतो.

साखर. ग्रंथीतल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी जातात तशा ग्लुकागॉन बनवणाऱ्याही जातात. ग्लुकागॉन साखर पडताना सावरतो. त्यामुळे या मधुमेहात, ज्याला टाइप ३-सी म्हणतात, साखर वर जाते तशी झपकन खालीही येते. इन्सुलिनवर असलेल्याने एकादशी-चतुर्थीचे उपास डॉक्टरांना न विचारता करू नयेत. घाम, थरथर, गरगरलं तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. एन्झाइम नीट सुरू झालं की अन्न शोषलं जातं आणि साखर वाढू शकते, तेव्हा एन्झाइम बंद न करता इन्सुलिनचा डोस बघून घ्यायचा. मधुमेह नसला तरी एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) वर्षाला एकदा.

पंचवटीकर

उपासावरून आठवलं. साबुदाण्याने हा आजार होतो असा मेसेज फिरतोय.

गोदाकाठ

त्याला जुना धागा आहे. १९५९ मध्ये झुइडेमा या डॉक्टरांनी इंडोनेशियातल्या कुपोषित रुग्णांत स्वादुपिंडातले खडे आणि मधुमेह यांचं वर्णन केलं. पुढे केरळातही असे पुष्कळ रुग्ण सापडले. दोन्हीकडे कसाव्याचा कंद खाल्ला जातो, म्हणून संशय कसाव्यावर गेला. साबुदाणा त्याच कंदाचा. पण कसावा न खाणाऱ्या भागांतही हा आजार सापडला, आणि स्पिंक-१ जनुकातले बदल अशा बऱ्याच रुग्णांत दिसले. साबुदाण्यावरचा आरोप सिद्ध झालेला नाही.

त्याची खरी अडचण वेगळी. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, प्रथिन नावालाच. खिचडीत तूप आणि शेंगदाण्याचं कूट मिळून स्निग्ध मात्र भरपूर, त्यामुळे "उपासाचं आहे" म्हणून कॅप्सूल टाळू नका.

जुना_कंपाउंडर

बरं, मानलं. पण डोस पूर्ण, वेळ बरोबर, तरी वजन वाढत नाही, असं झालं तर?

औषधपेटी

मग क्रमाने तपासा. कॅप्सूल खरंच प्रत्येक खाण्याला घेतली का, दुपारच्या चहा-चिवड्यालासुद्धा? चिवड्यातही तेल असतं. मुदत आणि उष्णता बघा. आम्लाची गोळी जोडली का? पोट सतत फुगत असेल तर लहान आतड्यात जिवाणूंची वाढ असू शकते, या रुग्णांत ती बऱ्याचदा आढळते, तिचा इलाज वेगळा. जिआर्डिया (आतड्यातला परजीवी), सीलिअक (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार) यांचीही शहानिशा. आणि काहीच न बदलता वजन एकदम पडलं, कावीळ दिसली किंवा साखर नव्याने भडकली तर डोस वाढवत बसू नका, स्कॅन करून घ्या. या ग्रंथीत कर्करोगाचा धोका वाढलेला असतो.

दुखण्यासाठी एन्झाइमवर भिस्त ठेवू नका. काहींना बरं वाटतं, पण त्याचा भरवसा नाही. दिल्लीच्या एम्समधल्या २००९ च्या अभ्यासात अँटिऑक्सिडंटनी दुखणं कमी झालं होतं, २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या अभ्यासात तसा फायदा दिसला नाही. घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि एन्झाइमच्या जागी नव्हे.

पार खंगलेल्या, कित्येक दिवस नीट न जेवलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी तुपात घोळवून खाऊ घालू नका. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम धाडकन खाली येऊन जिवावर बेतू शकतं. तिथे दवाखान्यातच, थायमिन (जीवनसत्त्व बी-१) देऊन, हळूहळू वाढवत न्यायचं.

पंचवटीकर

शेवटचं. लग्नाच्या पंगतीत काय करायचं? वाढप दोन तास चालतं.

औषधपेटी

कॅप्सूल शर्टाच्या आतल्या खिशात नको, अंगाच्या उबेने तापते. छोट्या डबीत, पिशवीत. एक पहिल्या वरण-भाताला. दुसरी पुरी-भाजी आली की. जिलेबी, मसालेभात आणि मठ्ठा अर्ध्या तासाने आले तर तेव्हा एक आणखी, हे आधी डॉक्टरांशी ठरवून ठेवायचं. आग्रह करणाऱ्याला सांगायचं, "वाढा, पण निम्मं."

गोदाकाठ

आणि बुफे असेल तर फेरी मारायच्या आधी नाही, ताट घेऊन खुर्चीवर बसल्यावर पहिली. रांगेत उभं असताना घेतलेली कॅप्सूल जेवणाच्या पुढे निघून जाते.

द्राक्षबाग

हे छापून फ्रिजवर लावतो. कॅप्सूल मात्र फ्रिजवर नाही ठेवत, वरून गरम हवा येते.

औषधपेटी

+१. हे माझ्याकडून राहिलंच होतं.